प्रकाश, ध्वनी, शिल्प आणि प्रेक्षकाचे डोळे-कान : नटाविना नाटक होते का?

तिर्यक

प्रायोगिक रंगभूमीवर अधूनमधून असे प्रयोग होतात, ज्यांत गोष्ट नसते, संवाद नसतात आणि कित्येकदा नटही नसतो. मंचावर काही घडीव आकार उभे असतात, त्यांच्यावरून प्रकाश सरकत राहतो, ध्वनी येतो आणि जातो, आणि तास-दीड तासाने प्रेक्षागृहातले दिवे लागतात. बाहेर पडताना निम्मे प्रेक्षक भारावलेले असतात आणि उरलेल्यांना आपली फसवणूक झाल्यासारखे वाटत असते. पुढची चर्चाही बहुधा या दोन टोकांतच अडकून पडते, म्हणून हा धागा. माझे म्हणणे असे, की या रंगभूमीचा विषय मंचावर नसतोच. प्रेक्षकाचे पाहणे आणि ऐकणे हाच तिचा विषय असतो, आणि तिचे खरे साधन दिवे किंवा स्पीकर यांपेक्षा वेळ हे असते.

हे खूळ आजचे नाही. १९१७ साली रोमच्या तेआत्रो कोस्तान्झीमध्ये दिआगिलेव्हच्या बॅले कंपनीने स्ट्राव्हिन्स्कीची 'फ्यू दार्तिफिस' ही जेमतेम चार मिनिटांची रचना सादर केली, तेव्हा मंचावर एकही नर्तक नव्हता. भविष्यवादी चित्रकार जाकोमो बाल्ला याने लाकडी सांगाड्यांवर कापड ताणून टोकदार भौमितिक आकार उभे केले होते, त्यांतल्या काहींच्या आत दिवे होते, आणि संगीताबरहुकूम ते उजळत आणि विझत होते. नाचत होता तो फक्त प्रकाश.

त्याच्याही आधी स्विस रंगकर्मी आदोल्फ आपिया (१८६२–१९२८) याने या साऱ्याचा पाया घातला होता. रंगवलेल्या पडद्यावर समोरून सपाट उजेड टाकला की पडदा नीट दिसतो, पण त्याच्यापुढचा जिताजागता नट मात्र सपाट होऊन जातो, ही त्याची मूळ तक्रार होती. म्हणून त्याने रंगवलेले नेपथ्य बाजूला सारून पायऱ्या, चौथरे आणि खांब मंचावर आणले, कारण प्रकाशाला काही घडवायचे असेल तर समोर घनाकार लागतो. नुसते दिसावे म्हणून पसरलेला उजेड वेगळा आणि आकार घडवणारा प्रकाश वेगळा, हा त्याने केलेला भेद आजचा प्रत्येक प्रकाशयोजनाकार वापरतो, मग आपियाचे नाव त्याने ऐकलेले असो वा नसो. ड्रेस्डेनजवळच्या हेलराऊ येथे १९१२-१३ मध्ये ग्लूकच्या ऑर्फियसवरील संगीतिकेचे प्रयोग झाले, तेव्हा अलेक्झांडर फॉन झाल्ट्समान याने सभागृहाच्या भिंती आणि छत अर्धपारदर्शक कापडाने मढवून त्यामागे हजारो दिवे बसवले होते. दिवा कुठेच दिसत नव्हता, उजळत होती ती खोली, आणि प्रेक्षक व मंच एकाच उजेडात वावरत होते.

मला स्वतःला यातले सर्वांत नेमके उदाहरण नाट्यगृहाबाहेरचे वाटते. अँथनी मॅक्कॉल या कलावंताने १९७३ साली अर्ध्या तासाची एक फिल्म केली, जिच्यात काळ्या पार्श्वभूमीवर एक पांढरा ठिपका हळूहळू वाढत पूर्ण वर्तुळ काढतो. पडद्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. प्रोजेक्टरपासून पडद्यापर्यंतच्या धुरकट हवेत प्रकाशाची आधी एक रेघ दिसते, मग तिची वाकलेली भिंत होते आणि शेवटी पोकळ शंकू तयार होतो. लोक त्यात हात घालतात, आत शिरतात, आणि एखाद्याच्या खांद्यामुळे शंकूच्या भिंतीला भोक पडते. तिथे प्रकाशच शिल्प असतो, आणि नट कोण म्हणाल तर पाहायला आलेला माणूस.

अशा प्रयोगांत तुमच्या डोळ्या-कानांचे नेमके काय होते, आणि त्याला नाटक म्हणावे का, यावर अनुभवी मंडळींनी लिहावे.

शंकासुर

लेख आवडला, पण शेवटचा प्रश्न आपण फार सहजपणे सोडून दिलात. नाटकात कोणीतरी कोणासमोर तरी उभे राहते, काहीतरी पणाला लागते, आणि ते आज चुकू शकते ही धाकधूक प्रेक्षकालाही असते. बाल्लाच्या आकारांना काय पणाला लावायचे होते? यंत्र बरोबर चालले तर कालच्यासारखाच प्रयोग आजही होणार, आणि बिघडले तर तिकिटाचे पैसे परत. सूर्यास्तालाही प्रकाश, आकार आणि काळ असतो, पण त्याला कोणी नाटक म्हणत नाही. कलादालनात मांडले असते तर याच वस्तूला मांडणशिल्प म्हटले असते. खुर्च्या ओळीने लावल्या आणि दार बंद केले म्हणून तिचे नाटक कसे होते, हे मला समजून घ्यायचे आहे. खोडी काढण्याचा हेतू नाही.

विंगेतला

शंकासुर, दार बंद करणे ही क्षुल्लक गोष्ट नाही. मी प्रकाशयोजनेचे काम करतो, आणि माझ्या दृष्टीने कलादालन आणि नाट्यगृह यांच्यातला खरा फरक त्या दारातच आहे. दालनात माणूस उजेडातून येतो, दोन मिनिटे थांबतो आणि पुढे सरकतो. नाट्यगृहात त्याचे डोळे माझ्या ताब्यात असतात, आणि डोळ्यांना अंधाराशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी साधारण दहा मिनिटांत त्यांच्याकडून होईल तेवढे करून थांबतात, पण मंद प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशींना पूर्ण तयार व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. ज्या उजेडात पहिल्या मिनिटाला काहीच दिसत नव्हते, त्याच उजेडात पंचविसाव्या मिनिटाला आकाराची कड, पोत आणि शेजाऱ्याचे नाक दिसू लागते. मी दिव्याला हातही लावलेला नसतो. प्रसंग बदललेला असतो तो प्रेक्षकाच्या डोळ्यात.

या अवस्थेत काय काय करता येते ते सांगतो. भरपूर उजेडात सारखेच ठळक दिसणारे लाल आणि निळे कापड अतिमंद प्रकाशात शेजारी ठेवले, तर लाल जवळपास काळे पडते आणि निळे उजळ दिसू लागते. याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यावर दंडपेशी नसतात, त्यामुळे फार मंद उजेडातले शिल्प रोखून पाहिले की नाहीसे होते आणि नजर जराशी बाजूला नेली की परत येते. आकाशातली अंधूक तारका पाहणाऱ्यांना ही युक्ती ठाऊक असते. मंचावर ती वापरली की सभागृहातली सगळी डोकी किंचित तिरकी होतात, आणि कोणालाही तसे सांगावे लागत नाही.

आता शिल्पाकडे येतो. चेहऱ्याचा साचा, म्हणजे आतून पोकळ मुखवटा, प्रेक्षकाकडे पोकळ बाजू करून टांगा आणि त्यावर खालून प्रकाश टाका. मेंदूला पोकळ चेहरा मान्यच नसतो आणि उजेड वरून येतो अशी त्याची जुनी खात्री असते, त्यामुळे तो चेहरा फुगीर दिसतो, वरून उजळल्यासारखा. मजा पुढे आहे. पाहणारा चालू लागला की तो चेहरा त्याच्याकडे वळत राहिल्याचा भास होतो, आणि मुखवटा तर जागचा हललेलाही नसतो. ओळीतल्या प्रत्येकाला तो आपल्याकडेच पाहत असल्यासारखे वाटते. काय पणाला लागते, असे तुम्ही विचारलेत. आपल्या डोळ्यांवरचा विश्वास पणाला लागतो, असे मी म्हणेन.

एक धंद्यातली तक्रार नोंदवून थांबतो. हे सगळे मंद उजेडावर अवलंबून आहे आणि नेमक्या तिथेच आजचे स्वस्त एलईडी दिवे दगा देतात. जुना तारेचा दिवा कमी करत नेला की तांबूस होत होत विझतो. एलईडी रंग न बदलता उतरतो, आणि नियंत्रण २५६ पायऱ्यांचेच असेल तर अगदी तळाशी तो जिना उतरल्यासारखा दिसतो, शेवटच्या पायरीला तर टपकन विझतो. पाच मिनिटांचा फेड, म्हणजे उजेडाचा सावकाश उतार, रचून ठेवायचा आणि शेवटच्या क्षणी तो असा तुटायचा, याने सगळ्या प्रयोगाची माती होते. अशा कामाला १६ बिटचे, म्हणजे हजारो बारीक पायऱ्यांचे, नियंत्रण मागून घ्यावे. भाड्याने दिवे देणारे ते आपणहून सांगत नाहीत.

कानसेन

डोळ्यांचे झाले, आता कानांची बाजू मांडतो, कारण या चर्चेत ध्वनीला नेहमी मागच्या बाकावर बसवले जाते.

आवाज कुठून आला हे कान दोन्ही बाजूंच्या वेळेच्या फरकावरून ठरवतात, आणि तो फरक जास्तीत जास्त एका मिलिसेकंदाच्या दोन तृतीयांशाइतका असतो. तोच आवाज दोन ठिकाणांहून आला आणि मधले अंतर साधारण तीस मिलिसेकंदांच्या आत असले, तर आपल्याला दोन आवाज ऐकूच येत नाहीत. जो आधी पोहोचला त्याच्याच दिशेने एक आवाज आल्यासारखा वाटतो. याला हास परिणाम म्हणतात, आणि ध्वनिसंयोजकाची निम्मी जादू यावर चालते. मंचावरच्या दगडी आकाराच्या आत एक लहान स्पीकर लपवायचा, त्यातून हळू आवाज सोडायचा, आणि सभागृहातल्या मोठ्या स्पीकरमधून तोच आवाज काही मिलिसेकंद उशिरा सोडायचा. प्रेक्षकाला वाटते दगडच बोलतो आहे. मात्र ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे सतरा मीटर मागे बसलेल्याला तो पन्नास मिलिसेकंदांनी पोहोचतो, त्यामुळे हा हिशोब प्रत्येक रांगेसाठी वेगळा पडतो. पुढच्या रांगेत बसून ध्वनी मंजूर करणारे दिग्दर्शक मी पुष्कळ पाहिले आहेत.

डोळा आणि कान एकमेकांची साक्ष फिरवतात, हे त्याहून रंजक आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या शम्स, कामितानी आणि शिमोजो यांच्या प्रयोगात प्रकाशाच्या एकाच झोताबरोबर दोन टीप-टीप आवाज ऐकवले, तर पाहणाऱ्यांना बरेचदा दोन झोत दिसत. म्हणजे कानाने डोळ्याला नसलेली गोष्ट दाखवली. जिथे आपण प्रकाशाचे क्यू, म्हणजे बदलाचे ठरलेले इशारे, मोजत बसतो, तिथे एखादा क्यू ध्वनीनेच देता येतो.

आणि शंकासुर यांच्या 'चुकू शकते' या मुद्द्यासाठी एक उदाहरण. न्यूयॉर्कच्या एका शस्त्रागारात ऑक्टोबर १९६६ मध्ये कलावंत आणि बेल प्रयोगशाळेतले अभियंते यांनी मिळून 'नाइन इव्हनिंग्ज' ही प्रयोगमालिका केली. तिच्यातल्या रॉबर्ट राउशेनबर्गच्या 'ओपन स्कोअर'मध्ये दोन खेळाडू टेनिस खेळत होते. रॅकेटच्या दांड्यांत रेडिओ-प्रक्षेपक (ट्रान्समीटर) बसवले होते, त्यामुळे चेंडूचा प्रत्येक टोला घंटेसारखा घुमत असे आणि दर टोल्याला सभागृहातला एक दिवा विझत असे. खेळ चांगला चालला की अंधार जवळ येणार, असा तो पेच होता. पूर्ण काळोख झाल्यावर सुमारे पाचशे माणसे मैदानात आली, आणि ती प्रेक्षकांना फक्त अवरक्त कॅमेऱ्यांतून पडद्यावर दिसली. समोर, हाकेच्या अंतरावर माणसे आहेत हे पायांच्या आवाजावरून कळते आहे, आणि डोळ्यांना मात्र त्यांचे चित्रच दिसते आहे. यात ताण नाही असे म्हणणे कठीण आहे.

पाथरवट

प्रकाशवाले आणि ध्वनिवाले आपापली बाजू मांडून गेले, आता ज्याच्यावर हे सगळे पडते त्या शिल्पाविषयी.

मंचावरचे शिल्प बहुतेक वेळा थर्माकोल कोरून, वर रंग मारून उभे केलेले असते आणि ते तसे दिसतेही. कारण असे, की खऱ्या पदार्थाला आडव्या प्रकाशात जो बारीक पोत असतो, छिन्नीची खूण, गंजाचे पापुद्रे, लाकडाचा धागा, तो तिथे नसतो. विंगेतला यांचा दिवा पृष्ठभागाला जवळजवळ समांतर लावला तर तीळभर उंचवट्याची सावली वीतभर पडते. त्या सावलीला काहीतरी खरे लागते. हवे तर आकार लहान करावा, पण पदार्थ खरा घ्यावा, असे माझे मत आहे.

कमी वस्तूंत किती होते हे पाहायचे असेल, तर शिल्पकार इसामु नोगुची याने मार्था ग्रॅहमच्या 'फ्रंटियर' या नृत्यासाठी १९३५ मध्ये केलेले नेपथ्य पाहावे. कुंपणाचा एक तुकडा आणि त्याच्यामागून वर दोन्ही कोपऱ्यांकडे ताणलेला दोर, एवढेच. दोराने सगळी रिकामी जागाच कोरून काढली होती. उलट टोकाला ऑस्कर श्लेमर. १९२२ मध्ये श्टुटगार्टला पहिल्यांदा झालेल्या त्याच्या 'त्रिधा बॅले'त पोशाखच शिल्प होते, चेंडू, चकत्या आणि सर्पिल तारांचे, आणि त्यांत अडकलेल्या नर्तकाला माणसासारखे चालताच येत नसे. शिल्पाने हालचाल ठरवली. आणि निकोला शॉफर याने १९५६ मध्ये केलेले 'सिस्प १' हे शिल्प तर स्वतःच चाके लावून फिरत असे, प्रकाश-ध्वनीतल्या बदलांना प्रतिसाद देत असे, आणि मार्सेय येथील ल कॉर्ब्युझिएच्या इमारतीच्या गच्चीवर ते नृत्यरचनाकार मॉरिस बेजार याच्या नर्तकांबरोबर नाचले. यंत्र कालच्यासारखेच आज वागेल, असे त्याच्याबाबत म्हणता आले नसते.

शंकासुर

उदाहरणे भारी आहेत आणि 'ओपन स्कोअर'पुरता माझा आक्षेप मी मागे घेतो. पण तिथे माणसे होती, हे विसरू नका. पोकळ मुखवटा आणि दोन टीप-टीप हे मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतले खेळ आहेत. ते एकदा पाहिले की 'अरे वा' होते, दुसऱ्यांदा नाही. भास निर्माण करणे आणि कलाकृती निर्माण करणे यांत फरक आहे, आणि तो फरक इथे कोणी सांगितलेला नाही.

तिर्यक

हा प्रश्न हवाच होता. प्रयोगशाळेत भास हा निष्कर्षासाठी असतो, त्यामुळे तो जितका लवकर आणि ठसठशीत घडेल तितका चांगला. रंगभूमीवर तो घडायला लागणारा वेळ महत्त्वाचा असतो. दिग्दर्शक रॉबर्ट विल्सन आणि संगीतकार फिलिप ग्लास यांच्या 'आइनस्टाइन ऑन द बीच' या ऑपेरामध्ये (आव्हिन्याँ, १९७६) एका प्रवेशात प्रकाशाचा एक आडवा पट्टा आहे. तो अतिशय सावकाश एका टोकाने उठत उभा होतो आणि मग वर निघून जातो. यात भास कुठलाच नाही, फसवणूकही नाही. पण काही मिनिटे तेवढेच पाहत राहिल्यावर तो हलतो आहे की आपली नजर हलते आहे याची खात्री वाटेनाशी होते, कंटाळा येतो, कंटाळा निघून जातो, आणि पट्टा कलता असताना आपण नकळत अंग ताणून बसलो होतो हे तो उभा झाल्यावर कळते. जवळपास पाच तासांच्या त्या प्रयोगाला मध्यांतर नव्हते आणि प्रेक्षकांना हवे तेव्हा उठून जायची मुभा होती. जाण्याची मुभा असताना थांबणे, हाही प्रेक्षकाने केलेला एक निर्णयच असतो.

माणूस हवाच का, यावर संगीतकार-दिग्दर्शक हायनर ग्योबेल्सचे 'श्टिफ्टर्स डिंगे' (२००७) आठवते. त्यात मंचावर नट नाहीत. पाच पियानो आपोआप वाजतात, पाण्याची उथळ कुंडे आहेत, पाऊस पडतो, धुके येते आणि ध्वनिमुद्रित आवाज ऐकू येतात. पाहणारा तिथे कोणीतरी येईल म्हणून वाट पाहतो, आणि कोणी येत नाही हे स्वीकारल्यानंतर त्याला पाण्यावरचे थेंब दिसू लागतात. नट नाही ही गोष्ट तिथे सतत जाणवत राहते, आणि ती जाणवते ती खुर्च्या ओळीने लावून दार बंद केले म्हणूनच. दालनात कोणी नटाची वाट पाहत नाही.

मागची रांग

मी या क्षेत्रातली नाही, फक्त तिकीट काढून बसणारी आहे, त्यामुळे दोन तक्रारी आणि एक प्रश्न.

अशाच एका प्रयोगात आम्हांला कसलीही पूर्वसूचना न देता बराच वेळ झगझगाटी लुकलुकता प्रकाश सहन करावा लागला. माझ्या पुढच्या बाई डोके धरून बाहेर गेल्या. संवेदनांचा शोध घ्यायचा असेल तर ज्याच्या संवेदना आहेत त्याला विचारून घ्यायला काय हरकत होती? दुसरे, दारात हातात दिलेल्या पत्रकात प्रयोगाचा अर्थ इतका तपशिलात छापलेला होता की आत बसून तो पडताळून पाहणे एवढेच काम उरले.

प्रश्न असा. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी या रंगभूमीत काही आहे का? ब्वेनोस आयरेसमध्ये पूर्ण काळोखात नाटके होतात आणि त्यांत अंध कलावंत काम करतात, असे वाचले आहे.

कानसेन

ते 'तेआत्रो सिएगो'. तिथे काळोख सर्वांना सारखा असल्यामुळे वावरण्यात अंध नट प्रेक्षकांपेक्षा तरबेज ठरतात, आणि ध्वनी, वास, वाऱ्याची झुळूक यांवर सगळे उभे राहते. सायमन मॅकबर्नी यांचा 'द एन्काउंटर' (२०१५) हाही पाहण्याइतकाच ऐकण्याचा प्रयोग आहे. मंचावर माणसाच्या डोक्याच्या आकाराचा माइक ठेवलेला असतो, त्याच्या दोन्ही कानांत ध्वनी टिपला जातो आणि प्रत्येक प्रेक्षक हेडफोनवर ऐकतो. नट त्या डोक्याच्या डाव्या कानाशी कुजबुजला की हजार प्रेक्षकांना आपापल्या डाव्या कानाशी श्वास जाणवतो. युक्ती डोळ्यांसमोर उघड केलेली असते, तरी मान वळतेच. भास कळल्यावर संपतो, या शंकासुरांच्या म्हणण्याला हे परस्पर उत्तर आहे.

विंगेतला

मागची रांग यांची पहिली तक्रार शंभर टक्के रास्त आहे. सेकंदाला तीनपेक्षा जास्त झगमगाट असेल तर प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्यांना झटका येऊ शकतो, त्यामुळे दारावर आणि तिकिटावर सूचना हवीच. पूर्ण काळोख हवा म्हणून बाहेर पडण्याच्या मार्गावरचे दिवे झाकणारे दिग्दर्शकही मला भेटले आहेत. ते दिवे झाकायचे नाहीत. आसने अशी मांडायची की ते नजरेआड जातील, आणि रचना तेवढा उजेड धरूनच करायची.

जाता जाता, असा प्रयोग करू पाहणाऱ्यांसाठी एक. अनेकांना एकरंगी पिवळ्या प्रकाशाचा मोह होतो, कारण कमी दाबाच्या सोडियम दिव्याखाली सगळे रंग नाहीसे होऊन माणसे आणि शिल्पे करड्या-पिवळ्या छटांची होतात. ओलाफुर एलियासन यांनी २००३ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमधल्या भल्यामोठ्या सूर्यासाठी एकरंगी दिवेच वापरले होते. पण हा दिवा मंद करता येत नाही. लावल्यावर तो आधी गुलाबी-लाल पेटतो आणि पूर्ण पिवळा व्हायला कित्येक मिनिटे घेतो. त्यांचे उत्पादनही आता जवळपास थांबले आहे, आणि पिवळा एलईडी त्याच्या इतका शुद्ध नसल्यामुळे त्याखाली रंग थोडे शिल्लक राहतात. म्हणून दिवा आधी मिळवा, त्याला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहा, आणि मग संहिता लिहा. रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी प्रकाशयोजनाकाराला बोलावण्याची रीत या प्रकारात चालत नाही. शिल्प, दिवा आणि स्पीकर पहिल्या तालमीपासून खोलीत असावे लागतात.

शंकासुर

दिवा संहितेच्या आधी येतो, हे मात्र मला पटले. आता एकच विचारतो : अशा प्रयोगाची संहिता कागदावर कशी दिसते? कोणाकडे क्यूशीट असेल तर इथे द्यावी, म्हणजे पुढचा वाद तिच्यावरच घालता येईल.